साठ टक्क्यांची रम आणि चवीचा निवाडा

आज आम्ही ज्या वस्तूची समीक्षा करणार आहोत ती एक रम आहे. जमैका बेटाच्या वायव्य भागात ट्रेलॉनी नावाचा परगणा आहे. तिथल्या हॅम्पडेन इस्टेट या मद्यनिर्मिती करणाऱ्या जुन्या मळ्याची, पॉट स्टिलमध्ये गाळलेली, सुमारे सात वर्षं लाकडी पिंपात मुरवलेली आणि साठ टक्के अल्कोहोल असलेली ही रम. बाटलीवर ‘ओव्हरप्रूफ’ असं छापलेलं असतं. प्रश्न साधा आहे. ही रम चांगली आहे का? आणि चांगली असेल तर ते कशावरून ठरवायचं?

प्रश्न साधा असला तरी उत्तर तसं सोपं नाही. अशा बाटलीभोवती दोन प्रकारची माणसं जमतात. एक भक्त असतात. त्यांना टक्केवारी जितकी जास्त, वास जितका उग्र, तितका माल अस्सल वाटतो. दुसरे थट्टा करणारे. ते म्हणतात, ‘हे तर रंग पातळ करायचं थिनर आहे, यात चव कसली आलीय?’ आमचं म्हणणं असं की या दोघांनीही ती नीट चाखलेली नाही. पहिल्याने आकडा वाचला आणि दुसरा पहिल्याच वासाला मागे सरकला. समीक्षेचं काम त्याच्या पुढचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे पिण्याचं आमंत्रण नव्हे. दारूने काय होतं ते आपल्या सगळ्यांना आपापल्या गल्लीतून ठाऊक आहे. आज आपण बोलतोय ते पंधरा मिलीलिटरबद्दल, म्हणजे तीन चहाच्या चमच्यांबद्दल, आणि तेही तासभर पुरवून.

आधी ‘प्रूफ’ या शब्दाचा उलगडा करू. इंग्रज आमदानीत दारूचा कस प्रूफमध्ये मोजत. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची. ती पेटली तर मद्याचा कस सिद्ध झाला, अशी या शब्दामागची जुनी हकीकत सांगतात. पुढे मोजमाप पक्कं झालं तेव्हा ब्रिटिश पद्धतीत शंभर प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल असं ठरलं. आपल्याकडच्या बाटलीवर ‘७५ डिग्री प्रूफ’ किंवा ‘२५ यूपी’ असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. यूपी म्हणजे अंडर प्रूफ. ५७.१ चे पंचाहत्तर टक्के काढा, ४२.८ येतात. आपल्या बाटल्यांवर हा विचित्र आकडा असतो तो इथून आला. हॅम्पडेनची ही रम त्या रेषेच्या वर आहे, साधारण १०५ प्रूफ. म्हणजे ओव्हरप्रूफ. या शब्दात शौर्य वगैरे काही नाही, ती एक मोजपट्टी आहे.

आता ही रम होते कशी ते बघू, कारण चवीतलं निम्मं तिथेच ठरतं. कच्चा माल आपल्या फार ओळखीचा आहे: मळी. साखर काढून झाल्यावर उरलेला काळा, चिकट पाक. नगर, कोल्हापूर, सोलापूरकडच्या माणसाला मळी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवतात तेव्हा ठरावीक यीस्ट घालतात, काम दीड-दोन दिवसांत उरकतात, आणि उंच स्तंभांतून ऊर्ध्वपातन करून जवळजवळ बिनवासाचा, बिनचवीचा स्पिरिट काढतात. तिथे वास राहिला तर तो दोष समजला जातो.

हॅम्पडेनमध्ये नेमकं उलट चालतं. तिथे बाहेरून यीस्ट घालत नाहीत. जुन्या लाकडी हौदांमध्ये, भिंतींवर, हवेत जी यीस्ट आणि जे जिवाणू आहेत त्यांच्यावरच मळी सोडून देतात. आंबण्याचं काम दोन दिवसांऐवजी दोन आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं. त्यात भर म्हणून ‘डंडर’ घालतात. डंडर म्हणजे मागच्या ऊर्ध्वपातनानंतर भट्टीच्या तळाशी उरलेलं आंबट, काळं पाणी. आपल्या डिस्टिलरीत याला स्पेंट वॉश म्हणतात. ओढ्यात सोडला तर मासे मरतात, त्यामुळे त्याची विल्हेवाट ही कारखान्याची कायमची डोकेदुखी असते. जमैकात तोच पुढच्या घाण्याचा मसाला होतो. आणि त्याहून जोरकस म्हणजे ‘मक’, खड्ड्यात कुजवून तयार केलेलं आम्लांचं विरजण.

विरजण हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. दह्याचं विरजण जसं पिढ्यान् पिढ्या चालतं, तसं हेही. फक्त इथे जे जिवाणू पोसले जातात ते भलत्याच वासाचे. त्यांतून ब्युटिरिक आम्ल तयार होतं. खवट लोण्याचा, ओकारीचा जो वास असतो तो या आम्लाचा. पण गंमत पुढे आहे. या आम्लाची अल्कोहोलशी गाठ पडली की एथिल ब्युटिरेट नावाचं एस्टर तयार होतं, आणि त्याचा वास येतो अननसाचा. व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लापासून एथिल अॅसिटेट होतं, त्याचा वास नेलपॉलिशचा. केळ्याच्या वासाचं एस्टर वेगळं. म्हणजे ग्लासमध्ये जे फळ म्हणून भेटतं ते हौदात सड म्हणून सुरू झालेलं असतं. हे डोक्यात ठेवा, कारण निवाडा करताना याची गरज पडणार आहे.

मग येते भट्टी. पॉट स्टिल म्हणजे दुसरं काय? तांब्याचं मोठं भांडं, खाली आच, वर वाफ जायला मान. जमैकाची खासियत अशी की भांड्यापुढे आणखी दोन तांब्याचे घडे जोडलेले असतात, त्यांना रिटॉर्ट म्हणतात. पहिल्यात मागच्या वेळचा हलका अर्क, दुसऱ्यात जड अर्क. वाफ त्यांतून बुडबुडत जाते आणि एकाच फेरीत कस ऐंशी टक्क्यांच्या वर चढतो. स्तंभातून काढलेल्या स्पिरिटमधले वास गाळले जातात, इथे ते वाफेबरोबर पुढे येतात.

भट्टी म्हटलं की मराठी कानाला आधी ‘हातभट्टी’ ऐकू येते. पोलिसांची धाड, विषारी दारू, उद्ध्वस्त घरं. आणि ‘पॉट स्टिल’ म्हटलं की कपाटातली महाग बाटली दिसते. यंत्र तत्त्वतः तेच आहे. गोव्यातली काजूची फेणी अशाच भट्टीतून येते. आधी निघते ती हलकी उर्राक, आणि पुन्हा गाळली की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गडचिरोलीकडे मोहाची दारू भांड्यातच गाळतात. तेव्हा या रमच्या वासाला बिचकण्याचं मराठी माणसाला खरं तर कारण नाही. ज्यांनी फेणीचा वास घेतलाय त्यांचं नाक या शाळेत आधीच दाखल झालेलं आहे.

आता मुरण्याबद्दल. इंग्रजीत वय म्हणतात, आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे: मुरणं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. नुसते दिवस जाऊन भागत नाही, एकाचा अंश दुसऱ्यात शिरावा लागतो. पिंपात लाकूड दारूत उतरतं आणि दारू लाकडात. त्यातली काही दारू हवेत उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण दोन टक्के उडते. कॅरिबियन उष्णतेत सहा टक्के किंवा त्याहूनही जास्त. हिशेब मांडून बघा. दोनशे लिटरचं पिंप सात वर्षं ठेवलं, तर दोन टक्क्यांनी १७३ लिटरच्या आसपास उरतं आणि सहा टक्क्यांनी १३० लिटर. म्हणजे उष्ण प्रदेशातली सात वर्षं आणि थंड प्रदेशातली सात वर्षं यांची तुलना नुसत्या आकड्याने करता येत नाही. उष्णतेत लाकूड लवकर उतरतं. त्याचा फायदा असतो तसा धोकाही असतो. तो धोका या बाटलीत दिसतो, त्यावर येतोच.

हॅम्पडेनची कथा इथे थोडी सांगायला हवी. ही जागा आपली सुरुवात १७५३ सालापासून सांगते. पण फार मोठा काळ तिने स्वतःच्या नावाने मुरवलेली रम विकलीच नाही. ताजा, पांढरा अर्क पिंपं भरभरून युरोपात जायचा आणि दुसऱ्यांच्या मिश्रणात मिसळला जायचा. २००९ मध्ये जमैकातल्या हसी कुटुंबाने कारखाना विकत घेतला आणि तिथेच मुरवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये इटलीतल्या जेनोआच्या वेलिए कंपनीमार्फत ४६ टक्के आणि ६० टक्के अशा दोन बाटल्या एकदम बाजारात आल्या. अडीच शतकांच्या जुन्या कारखान्याची ही पहिली मुरलेली ओळख. नाव जुनं असलं तरी बाटली म्हणून हे काम ताजं आहे, आणि तसंच ते तपासलं पाहिजे.

आता चव. आम्ही ही रम तीन वेगवेगळ्या संध्याकाळी, रिकाम्या पोटी नव्हे पण मसालेदार जेवणाआधी चाखली. ट्युलिपच्या आकाराचा छोटा ग्लास, पंधरा मिलीलिटर, आणि वीस मिनिटं हात न लावता नुसतं ठेवणं.

पहिला वास, पाण्याशिवाय. नेलपॉलिश येतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या मागोमाग सायकलचं पंक्चर काढतात त्या दुकानातलं सोल्यूशन. थट्टा करणारे इथेच उठून जातात. बसून राहिलात तर पाचेक मिनिटांनी हा दर्प बाजूला सरतो आणि खाली अननस सापडतो. ताजा कापलेला मात्र नव्हे. दोन दिवस टोपलीत राहून उतरायला लागलेला, देठापाशी आंबलेला. मग काळी पडलेली केळी. बरक्या फणसाचा तो गोड आणि किंचित अंगावर येणारा घमघमाट. त्याच्याही खाली खारातल्या कैरीच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखं काहीतरी, आंबट-खारट.

पहिला घोट, म्हणजे अर्धा चमचा. साठ टक्के आहे हे जीभ लगेच सांगते. ठसका लागतो, मिरी चघळल्यासारखी जीभ चुणचुणते. गोडी नाही. रम म्हणजे गोड अशी ज्यांची कल्पना आहे त्यांना इथे धक्का बसेल, कारण ऊर्ध्वपातनात साखर वर येत नाही आणि इथे मागाहूनही घातलेली नाही. आहे ती फळाची आठवण, फळाचा गोडवा नव्हे. मग येतो आंबटपणा आणि त्याला लागून खारटसर काहीतरी. शेवटी लाकूड: दालचिनीची साल, करपलेली साखर आणि सुपारीचा तुरटपणा. गिळल्यावर चव तोंडात कितीतरी वेळ रेंगाळते, आणि अननस पुन्हा वर येतो.

आता पाणी. इथे भक्तमंडळी नाराज होतात. त्यांच्या मते पाणी घालणं म्हणजे पाप. आमचं म्हणणं हिशेबाचं आहे. पंधरा मिलीलिटर साठ टक्क्यांच्या रममध्ये नऊ मिलीलिटर अल्कोहोल असतं. त्यात एक चहाचा चमचा, पाच मिलीलिटर, पाणी घाला. एकूण वीस झाले आणि कस आला ४५ टक्क्यांवर. आपल्या नेहमीच्या बाटलीपेक्षा थोडा जास्तच. म्हणजे पाणी घालून तुम्ही तिला दुबळी केलेली नाही. कस खूप जास्त असतो तेव्हा अल्कोहोल गंधाच्या रेणूंना धरून ठेवतं आणि जिभेलाही भाजून बधिर करतं. पाण्याने ती पकड सैल होते.

आणि खरंच सैल होते. सोल्यूशनचा वास जवळजवळ जातो. अननस ताजा होतो, संत्र्याची साल येते, गुळाच्या ढेपेचा खमंगपणा येतो. पण त्याचबरोबर अजून एक वास वर येतो, जो पाण्याशिवाय लपला होता: किंचित खवटपणा, जुन्या खोबऱ्यासारखा. तीच ती ब्युटिरिक आम्लाची मूळ ओळख. काहींना तो नकोसा होईल. आम्हाला मात्र या रमचा प्रामाणिकपणा तिथेच दिसला. फळ ज्या सडीतून आलं तिची खूण लाकडाने पुसून टाकलेली नाही. सात वर्षं पिंपात राहूनही अर्क आपली जात विसरलेला नाही.

मग निवाडा काय? आमचा असा. या रमची ताकद तिच्या मधल्या भागात आहे. सड, आम्ल आणि फळ यांची जी ओढाताण तिथे चालते ती दुसऱ्या फारशा कुठल्या दारूत भेटत नाही. कमजोरी शेवटात आहे. पाणी न घालता प्यायलात तर अखेरचा तुरटपणा आणि अल्कोहोलची धग एकत्र येतात आणि ती मधली ओढाताण झाकोळून टाकतात. उष्णतेत लाकूड लवकर उतरतं म्हणालो, तो धोका हाच. आणखी चार-पाच वर्षं पिंपात ठेवली असती तर जास्त मोलाची झाली असती असं कोणी म्हणालं, तर आम्ही सहमत होणार नाही. सुपारी वाढली असती आणि अननस मागे पडला असता. जास्त मुरलेलं लोणचं नेहमीच जास्त चांगलं नसतं, फोडी मऊ पडतात. ही बाटली योग्य वेळी काढली आहे, आणि तिला एक चमचा पाण्याची गरज आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

४६ टक्क्यांच्या जोडीदार बाटलीबद्दल एवढंच सांगतो की ती जास्त सोयीची आहे. पाहुण्याला द्यायला तीच बरी. पण तिचा आंबट-खारटपणा आम्हाला बोथट वाटला. साठ टक्क्यांच्या बाटलीत कस किती ठेवायचा हे पिणाराच चमच्याने ठरवतो. तिचा खरा उपयोग हा आहे.

आता आकड्यांच्या वेडाबद्दल. हॅम्पडेनमध्ये अर्काचे वेगवेगळे ‘मार्क’ असतात: ओडब्ल्यूएच, एलआरओके, एचएलसीएफ, असे करत करत डीओकेपर्यंत. शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे किती ग्रॅम एस्टर यावर हे ठरतं. सर्वांत हलका ओडब्ल्यूएच शंभर ग्रॅमच्या आत, तर डीओके १५०० ते १६००. जमैकाच्या कायद्यात १६०० ही कमाल मर्यादा आहे. झालं, संग्राहकांना शर्यत मिळाली. ज्याच्याकडे जास्त एस्टर तो मोठा रसिक.

इतिहास काय सांगतो बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीने आयात रमवर भारी कर लावला. व्यापाऱ्यांनी तोड काढली: थोडीशीच रम आणायची, पण ती इतकी उग्र असली पाहिजे की खूपशा बिनचवीच्या स्थानिक स्पिरिटमध्ये मिसळली तरी सगळ्याला रमचा वास यावा. या मिश्रणाला ‘रुम-फेर्श्निट’ म्हणतात, आणि जर्मन नियमानुसार त्यातलं किमान पाच टक्के अल्कोहोल रममधून आलेलं असलं की पुरतं. जमैकातले हे अति-एस्टरचे अर्क या मागणीतून वाढले. मिठाई, केक आणि सुवासाच्या धंद्यालाही ते लागत. डीओकेसारखा अर्क म्हणजे हिंगाचा खडा आहे. पातेलंभर आमटीला चिमूटभर. खडा तोंडात टाकून ‘मी किती अस्सल’ म्हणणाऱ्याला आपण जेवणातला जाणकार म्हणणार नाही. एस्टरचा आकडा वासाची तीव्रता सांगतो. चवीचा तोल तो सांगत नाही, आणि निवाडा तोलाचा करायचा असतो.

याला जोडूनच एक अवघड मुद्दा. १७५३ हे साल अभिमानाने सांगितलं जातं. ठीक आहे. पण १७५३ मध्ये जमैकातल्या ऊसमळ्यावर काम कोण करत होतं? आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. ऊस तोडणं, चरकात घालणं, उकळत्या कढयांपुढे रात्रपाळी करणं आणि भट्टी चालवणं, सगळं त्यांच्याच अंगावर. १८३१ च्या नाताळात पश्चिम जमैकात, याच भागात, सॅम्युअल शार्प यांच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. तो चिरडला गेला, शार्प यांना फाशी झाली. गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्ये संपली आणि पूर्ण मुक्ती १८३८ मध्ये मिळाली. त्यानंतर मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर जमैकात नेले गेले.

कोणी म्हणेल, रमच्या चवीत हे कशाला? आमचं उत्तर असं की हा इतिहास आम्ही आणलेला नाही. साल सांगून परंपरेचं मोल विक्रीला लावलं, तेव्हाच तो आला. परंपरा विकायची तर ती सगळी सांगावी लागते. डंडर वाया न घालवण्याची, सडीतून चव काढण्याची ही विद्या कुणाच्या हातांनी उभी राहिली, हे मालकांच्या वंशावळीतून कळत नाही. चव घेताना मान खाली घालून बसा असं आमचं म्हणणं नाही. पण ‘१७५३ पासूनचा वारसा’ असं वाक्य समीक्षक जसंच्या तसं उतरवून घेत असेल, तर तो समीक्षा लिहीत नाही, जाहिरात लिहितो.

आजचा वादही याच धाग्यातला आहे. जमैका रमला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग प्रश्न आला: अर्क जमैकात गाळला आणि युरोपात नेऊन मुरवला, तर तो जमैका रम म्हणवेल का? शतकानुशतकं पिंपं बाहेर गेली आणि मोलाची भर तिकडच्या बंदरांत पडली. २०२४ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन मुरवणंही जमैकातच व्हावं असं ठरलं, आणि बेटावरच्याच काही उत्पादकांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, बाहेर मुरवणं हीसुद्धा जुनी रीतच आहे. दोन्ही बाजूंना इतिहासाचा आधार आहे. पण चवीपुरतं बोलायचं तर आम्ही पहिल्या बाजूचे. आपण मघाशी १३० आणि १७३ लिटरचा हिशेब केला. तिथली उष्णता हा या रमचा एक घटकच आहे, आणि ती जहाजात भरून नेता येत नाही.

शेवटी शब्दांबद्दल. परदेशी परीक्षणं वाचलीत तर टॉफी, मार्झिपान, ब्लॅककरंट अशी यादी भेटते. ज्याने ब्लॅककरंट आयुष्यात खाल्लेलं नाही तोही आपल्याकडे ते लिहून मोकळा होतो. गरज काय? खवट, आंबूस, उग्र, तुरट, करपट, खमंग, उतरलेलं, मुरलेलं: वासाचे इतके नेमके शब्द आपल्या स्वयंपाकघरात पडलेत. या रमचं वर्णन करायला फणस आणि खारातली कैरी ब्लॅककरंटपेक्षा जास्त कामाला आली. शब्द आपले असले की तपासताही येतात. ‘खवट आहे’ म्हटलं की समोरचा म्हणू शकतो, ‘नाही, मला आंबूस वाटतं.’ तिथून चर्चा सुरू होते.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊन थांबतो. पहिली: ‘आपल्याकडच्या गडद रमपेक्षा ही चांगली का?’ या दोघींचा हेतूच वेगळा आहे. आपली बहुतेक रम स्वच्छ स्पिरिटवर उभी असते. गोडसर, व्हॅनिलाच्या वासाची, थंडीत गरम पाण्याबरोबर किंवा कोलाबरोबर पिण्यासाठी. ते काम ती चोख करते. हॅम्पडेनमध्ये कोला घातला तर कोलाच हरेल. आणि खुद्द जमैकातला सामान्य माणूस ही महाग मुरलेली बाटली घेत नाही. तिथे घराघरांत दिसते ती रे अँड नेफ्यूची ६३ टक्क्यांची पांढरी, न मुरवलेली ओव्हरप्रूफ. तेव्हा महाग म्हणजे अस्सल जमैकन, असंही समजू नका.

दुसरी चिठ्ठी: ‘साखर घातलेली आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं?’ हायड्रोमीटरने. नुसतं पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाची घनता ठरलेली असते. साखर असली तर घनता वाढते आणि हायड्रोमीटर लेबलपेक्षा कमी टक्के दाखवतो. मोजताना तापमान सांभाळा. हायड्रोमीटर नसेल तर एक थेंब तळहातावर चोळा, सुकू द्या, मग बोट टेकवून बघा. चिकट लागलं तर शंका घ्यायला जागा आहे. तेवढ्यावर निकाल देऊ नका, पण लेबलवरच्या कवितेपेक्षा तळहातावर जास्त विश्वास ठेवा.

वेळ संपली आहे.